बाळंतपणानंतर यकृतात काय घडते?

दीर्घकालीन 'ब' कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस-बी, असलेल्या एखाद्या स्त्रीच्या तपासण्यांचे कागद तारखेनुसार ओळीने मांडले, तर काही वेळा एक कोडे दिसते. गरोदरपणात यकृत शांत असते. एसजीपीटी या विकराचे रक्तातील प्रमाण चाळीस एककांच्या आत असते. डोळे पिवळे नाहीत, पोट दुखत नाही. बाळंतपणही सुखरूप पार पडते. आणि सहा-आठ आठवड्यांनी तोच आकडा दोनशे-तीनशेवर गेलेला असतो.

असे का व्हावे? हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुले सांगतील, "बाळंतपणात अशक्तपणा आला, म्हणून विषाणू बळावला." उत्तर साहजिक वाटते, पण खरी गोष्ट जवळजवळ उलट आहे. ती समजून घ्यायची तर आधी या विषाणूचा स्वभाव पाहिला पाहिजे.

नुकसान कोण करते?

१९६५ साली बारूख ब्लूमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडल्याचे प्रसिद्ध केले. 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' असे त्याचे नाव पडले. ते 'ब' कावीळीच्या विषाणूचे बाह्य आवरण आहे, हे पुढे सिद्ध झाले आणि १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो, तिच्या केंद्रकात आपल्या डीएनएचे एक बंद कडे ठेवतो आणि पेशीची यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढत राहतो. मात्र सहसा तो पेशीला मारत नाही. भाडेकरू घरात राहावा तसा तो वर्षानुवर्षे राहू शकतो. पेशी मारण्याचे काम करतात आपल्याच रक्तातील मारक टी पेशी. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे दिसले की त्या पेशीवर हल्ला होतो. पेशी फुटली की तिच्यातील एसजीपीटी रक्तात उतरते. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावरचा तो आकडा विषाणूंची संख्या सांगत नाही. लढाईत किती पेशी पडत आहेत याचा अंदाज देतो.

या एका गोष्टीवरून पुष्कळ उलगडा होतो. प्रौढ माणसाला लागण झाली तर लढाई जोरात होते, अनेकांना कावीळ होते, पण १०० पैकी ९५ हून अधिक जण विषाणूला आवरतात. नवजात बाळाची प्रतिकारसंस्था अजून शिकाऊ असते. त्याला लागण झाली तर कावीळ सहसा दिसतच नाही. पण अशा १०० बाळांपैकी सुमारे ९० जणांच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. दीर्घकालीन 'ब' कावीळ असलेल्या अनेक तरुण स्त्रियांना ही लागण जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणीच झालेली असते. गरोदरपणात रक्त तपासेपर्यंत त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

नऊ महिन्यांची तडजोड

आता दुसरा धागा. गर्भाची निम्मी जनुके वडिलांकडून आलेली असतात. पतीच्या त्वचेचा तुकडा पत्नीच्या अंगावर बसवला, तर तिचे शरीर काही दिवसांतच तो नाकारील. मग गर्भ नऊ महिने कसा टिकतो? १९५३ साली पीटर मेडावार यांनी हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. त्याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही, पण काही भाग कळले आहेत. वार ही आई आणि गर्भ यांच्यामधली जिवंत सीमा आहे. गरोदरपणात कॉर्टिसॉल आणि इतर संप्रेरके वाढतात. मारक पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींचे प्रमाणही वाढते. प्रतिकारशक्ती बंद पडत नाही. तिचा रोख बदलतो, हल्ला करण्याची घाई कमी होते.

याचा परिणाम गर्भापुरता राहत नाही. अमेरिकेतील डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९३८ साली नोंदवले होते, की आमवाताच्या रुग्ण स्त्रियांचे सांधे गरोदरपणात पुष्कळदा निवळतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा सुजतात. आमवातात शरीराची प्रतिकारसंस्थाच सांध्यांवर हल्ला करते. हा हल्ला थोपवणाऱ्या द्रव्याचा शोध पुढे कॉर्टिसोनपर्यंत पोहोचला आणि १९५० साली हेंच नोबेलचे एक मानकरी ठरले.

यकृतातही असेच घडते. मारक पेशी आवरलेल्या असल्याने बाधित पेशी कमी मरतात आणि एसजीपीटी शांत राहते. विषाणूचे प्रमाण मात्र तसेच राहते किंवा थोडे वाढते. शांतता आहे, पण ती तहाची.

तह संपल्यावर

बाळ जन्मते, वार पडते आणि काही दिवसांतच संप्रेरकांची पातळी झपाट्याने उतरते. पुढच्या आठवड्यांत टी पेशी पूर्वपदावर येतात. समोर विषाणू भरलेल्या पेशी असतातच. हल्ला सुरू होतो आणि एसजीपीटी उसळते. म्हणजे आकडा वाढतो तो प्रतिकारशक्ती परत आल्यामुळे!

ही उसळी बहुधा पहिल्या तीन महिन्यांत येते, कधी सहा महिन्यांपर्यंतही येऊ शकते. ती सर्वच स्त्रियांत येत नाही. आली तरी बहुतेकींना काही जाणवत नाही आणि काही आठवड्यांत ती आपोआप ओसरते. काहींच्या रक्तातून तर विषाणूचे 'ई' प्रतिजन नाहीसे होते आणि विषाणू बराच काळ दबून राहतो. पण क्वचित लढाई हाताबाहेर जाते, कावीळ होते आणि यकृताचे काम कोलमडते. यकृत आधीच कठीण झालेले असेल तर हा धोका अधिक. कोणाची उसळी सौम्य राहील हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

बाळाचे संरक्षण, आईचे विस्मरण

बाळाला वाचवण्याचे उपाय आज उत्तम आहेत. जन्मानंतर २४ तासांच्या आत लशीची पहिली मात्रा, त्यासोबत शक्यतो पहिल्या १२ तासांत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, आणि नंतर लशीच्या उरलेल्या मात्रा. आईच्या रक्तात विषाणू फार असतील तर गरोदरपणात टेनोफोविरच्या गोळ्या देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ही शिफारस केली आणि २०२४ साली ती अधिक व्यापक केली. आईने अंगावर पाजायला हरकत नाही. आपल्याकडे ही लस २०११-१२ पर्यंत देशभरच्या लसीकरणात आली आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात.

बाळाला लस टोचली की काम संपले असे घरच्यांना वाटते. नेमकी इथेच चूक होते. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते आणि तीन-एक महिन्यांनी सासरी परतते. गावाबरोबर दवाखाना बदलतो, कागद मागे राहतात. थकवा आणि अन्नावरची वासना जाणे ही यकृताच्या त्रासाची लक्षणे. पण बाळंतिणीच्या बाबतीत ती जागरणाच्या खाती जमा होतात. डोळे पिवळे झाले तर कोणी झाडपाल्याचे औषध सुचवते. गोळ्या चालू असतील तर "आता बाळ झाले" म्हणून त्या परस्पर थांबवल्या जातात. तशा थांबवण्यानेही उसळी येऊ शकते.

म्हणून नियम साधा आहे. बाळंतपणानंतर निदान सहा महिने डॉक्टर सांगतील त्या अंतराने एसजीपीटी तपासावी, गोळ्या त्यांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नयेत आणि माहेराहून निघताना फाईल बाळाच्या लशीच्या कार्डाबरोबर पिशवीत असावी. घरातील इतरांनी रक्त तपासून लस घ्यावी. एका ताटात जेवल्याने हा आजार पसरत नाही, त्यामुळे बाळंतिणीची भांडी वेगळी ठेवण्याचे कारण नाही.

वर्गासाठी

फळ्यावर आडवी काळाची रेघ काढावी आणि तिच्यावर मधोमध 'जन्म' ही खूण करावी. टी पेशींचा जोर, विषाणूंचे प्रमाण आणि एसजीपीटी यांच्या तीन रेषा विद्यार्थ्यांनी अंदाजाने काढाव्यात. पहिली रेषा जन्माआधी खाली आणि नंतर वर जाते. दुसरी जन्मापर्यंत सपाट किंवा किंचित चढती असते. मग तिसरी कशी जाईल, आणि ती कोणत्या रेषेच्या मागून चालेल, हे त्यांनाच शोधू द्यावे. 'आजाराचे लक्षण म्हणजे जंतूचे काम' ही समजूत त्या एका आकृतीने सुटते. आणि घरी कोणी बाळंतीण असेल, तर तिची फाईल कुठे आहे हे विचारायचे एखाद्या मुलीला त्या दिवशी सुचेलही.