पन्नाशीनंतरच्या बैठका आणि दुखरा गुडघा

भिवंडीत यंत्रमागावर 12-12 तास उभे राहणारे, गोदामात माल चढवणारे काहीजण पन्नाशीतही नेमाने जिमला जातात. खांद्यावर बार घेऊन बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा पुढून दुखतो. मग वाटते, गुडघे झिजले. दर वेळी तसे नसते.

खाली बसताना गुडघा जसजसा वाकतो, तसतसा वाटीमागचा दाब वाढतो. मांडीचा स्नायू काही आठवड्यांत बळकट होऊ लागतो. त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला मात्र महिने लागतात. वय वाढले की सावरायला आणखी वेळ लागतो. वजन भराभर वाढवले तर कंडरा मागे पडते आणि दुखू लागते. दिवसभर उभे राहण्याचा भारही त्याच गुडघ्यांवर असतो, तोही हिशेबात धरा.

व्यायाम सोडू नका, भार कमी करा. वजन निम्म्यावर आणा. मागे बाकडे ठेवून, फारसे दुखणार नाही इतकेच खाली बसा. उतरताना 3 सेकंद घ्या. पुढच्या बैठका 48 तासांनी. किंचित दुखून 24 तासांत शमले तर चालेल. वाढत गेले तर वजन आणखी उतरवा.

गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री झोप मोडू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गुडघ्याला बळ हवेच. पण या वयात ते सबुरीनेच मिळते.