'लावणे' आणि 'लागणे' : जुन्या मालमोटारीच्या ब्रेकची तपासणी

१. विषयप्रवेश

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास फार जुना नाही. पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि १९६६ साली टेल्को कंपनीच्या पुणे प्रकल्पाचा पाया घातला गेला. पुढे २००९-१० च्या सुमारास चाकण परिसरात मोठे मोटार-कारखाने सुरू झाले. या कारखान्यांतून नवी वाहने बाहेर पडतात. परंतु त्यांना लागणारे सुटे भाग आणि कच्चा माल वाहून नेणारे ट्रक नवेच असतात असे नाही. त्यांपैकी कित्येकांनी पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर काढलेली असतात. नवे घडविणाऱ्या या प्रदेशात जुने टिकवून धरण्याची एक स्वतंत्र विद्या भोसरी, निगडी, चाकण येथील रस्त्याकाठच्या गॅरेजांतून नांदत आहे. तिच्यातील एका प्रकरणाचा, म्हणजे झिजलेल्या ब्रेकची तपासणी व बदल यांचा, विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, ब्रेकसंबंधीचे वृत्तपत्रीय मराठी आणि गॅरेजमधील मराठी यांत मोठे अंतर आहे, आणि या अंतराचा संबंध माणसांच्या जिवाशी येतो.

२. दोन क्रियापदे

'ब्रेक' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द सुचविला गेला नाही असे नाही. परंतु 'गतिरोधक' हा शब्द रस्त्यावरील उंचवट्याला जाऊन चिकटला आणि वाहनातील यंत्रणेसाठी 'ब्रेक' हाच शब्द रूढ झाला. शब्द परका असला तरी त्यासोबत येणारी क्रियापदे मात्र अस्सल मराठी आहेत. चालक ब्रेक 'लावतो' किंवा 'दाबतो'. ब्रेक 'लागतो', 'धरतो' आणि 'सुटतो'. 'ब्रेक लावला, पण लागला नाही' हे वाक्य कोणाही मराठी भाषकाला खटकत नाही. वरवर पाहता त्यात पुनरुक्ती वाटते. वस्तुतः ती नाही. 'लावणे' ही सकर्मक क्रिया असून तिचा कर्ता चालक आहे. 'लागणे' हे अकर्मक क्रियापद असून त्यातून चाकाशी जे घडते ते सांगितले जाते. एक क्रिया पायाशी घडते, दुसरी चाकाशी. आणि या दोहोंच्या मध्ये अनेक भागांची एक लांब साखळी असते. ब्रेकची तपासणी म्हणजे 'लावणे' आणि 'लागणे' यांमधील प्रत्येक दुवा पारखून पाहणे होय.

याउलट 'ब्रेक निकामी झाल्याने अपघात' हे वाक्य ही साखळीच पुसून टाकते. त्यात माणूस नाही, काळ नाही, दुवाही नाही. ब्रेक हाच कारण होऊन बसतो आणि पुढील प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

३. साखळीतील दुवे

जड ट्रकमध्ये सामान्यतः हवेचे ब्रेक असतात. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. चालकाने पेडल दाबले की ही हवा नळ्यांतून प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते. तेथील रबरी पडदा एका दांड्याला पुढे ढकलतो. दांडा एका तरफेला फिरवितो. या तरफेस गॅरेजमध्ये 'स्लॅक ॲडजस्टर' म्हणतात. तरफेबरोबर इंग्रजी 'एस' अक्षराच्या आकाराचा कॅम फिरतो आणि दोन अर्धवर्तुळाकार 'शू' बाहेर फाकतात. शूवर रिव्हेटने बसविलेले लायनर बिडाच्या ड्रमवर आतून घासले जातात आणि चाक थांबते.

एक उदाहरण घेऊ. सर्रास वापरात असणाऱ्या एका मापाच्या चेंबरचे परिणामी क्षेत्रफळ ३० चौरस इंच, म्हणजे सुमारे १९३ चौरस सेंटिमीटर असते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो असेल, तर दांड्यावर सुमारे १,३५० किलोचा जोर येतो. परंतु हा जोर दांडा आपल्या मर्यादेत हलत असेपर्यंतच उपयोगी पडतो. अशा चेंबरमध्ये दांड्याची एकूण चाल सुमारे ६४ मिलिमीटर असते आणि ब्रेक लागण्यास ५१ मिलिमीटरपेक्षा अधिक चाल लागू लागली, की तो जुळवून घ्यावा लागतो. लायनर झिजले म्हणजे शूला ड्रमपर्यंत पोहोचण्यास अधिक अंतर कापावे लागते व दांड्याची चाल वाढते. ती पूर्ण संपली की दांडा चेंबरच्या तळाशी टेकतो. मग पेडल कितीही जोराने दाबले तरी चाकाला त्याची वार्ता पोहोचत नाही. ब्रेक लावला जातो, लागत नाही.

४. घाटातील उष्णता

गॅरेजच्या अंगणात उत्तम लागणारा ब्रेक घाटात का सोडून देतो, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर उष्णतेत आहे. ब्रेक गतीचा नाश करीत नाही. तो गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. १६ टन वजनाचा ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबविला, तर सुमारे २२ लक्ष ज्यूल इतकी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये येते. हाच ट्रक बोरघाटातून खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटर खाली येतो. तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ७ कोटी ८४ लक्ष ज्यूल भरते. वारा, टायर आणि इंजिन यांनी घेतलेला वाटा वजा न करता हिशेब केला, तर हा एक उतार म्हणजे ताशी ६० किलोमीटरवरून लागोपाठ पस्तीस वेळा ट्रक थांबविण्यासारखे आहे.

या उष्णतेचे परिणाम दोन. पहिला असा की, लायनर अतिशय तापले म्हणजे त्यांचे घर्षण घटते. दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. ४०० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम ३०० अंश सेल्सिअसने तापला, तर त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. ड्रम शूपासून दूर सरकतो आणि कॅम व तरफ यांच्या गुणोत्तरामुळे ही वाढ दांड्याच्या चालीत अनेक पटींनी मोठी होऊन उतरते. थंड असताना मर्यादेच्या काठावर असलेली चाल तापल्यावर मर्यादा ओलांडते. म्हणजे घाटात जे प्रकट होते ते बहुधा घाटात जन्मलेले नसते. अनेक महिन्यांची झीज तेथे केवळ उघडी पडते.

इंजिनाचा वाटा येथे निर्णायक ठरतो. खालचा गिअर टाकून उतरणाऱ्या ट्रकची बरीच ऊर्जा इंजिन घेते. 'न्यूट्रल'वर सोडलेल्या ट्रकचा सगळा भार ब्रेकवर पडतो. आणि इंजिनच बंद केले, तर कॉम्प्रेसरही थांबतो व टाकीतील खर्च झालेली हवा भरून निघत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुणे-बंगळूर महामार्गावर नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका ट्रकने चाळिसांहून अधिक वाहनांचे नुकसान केले. ब्रेक निकामी झाल्याचे प्रारंभी सांगण्यात आले. प्राथमिक तपासानंतर मात्र, ब्रेक निकामी झाले नव्हते आणि चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे वृत्त प्रसिद्ध झाले. 'निकामी' हा शब्द किती घाईने वापरला जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

५. तपासणीचा क्रम

तपासणीस प्रारंभ करण्यापूर्वी ट्रक सपाट जागी उभा करून चाकांच्या पुढेमागे ठोकळे लावावेत. हवेच्या ब्रेकमध्ये हँडब्रेक हा बहुधा एका बलवान स्प्रिंगने लागतो व हवेने सुटतो. दांड्याची चाल मोजण्यासाठी तो सोडावाच लागतो. त्या वेळी ट्रकला ठोकळ्यांखेरीज दुसरा आधार नसतो.

टाक्या पूर्ण भरल्यावर इंजिन बंद करावे, पेडल दाबून धरावे आणि दाबमापकाचा काटा पाहावा. तो उतरत राहिला तर हवा कोठेतरी गळत आहे. संशयित सांध्यावर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवितात. त्यानंतर दोघांनी मिळून चाल मोजावी. एकाने ब्रेक सुटलेला असताना दांड्यावर खडूने खूण करावी, दुसऱ्याने पेडल दाबावे आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजावे. हे प्रत्येक चाकाशी करावयाचे असते. एकाच आसाच्या दोन चाकांत मोठा फरक आढळला तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूस 'ओढते'. शेवटी टाक्यांच्या तळाची तोटी उघडून साचलेले पाणी काढावे. त्यात तेल दिसले तर कॉम्प्रेसर झिजल्याची शंका घ्यावी.

गॅरेजमधील भाषा येथे उपयोगी पडते. 'लागत नाही' म्हटले की झीज, वाढलेली चाल किंवा कमी दाब यांकडे पाहावे. 'ओढतो' म्हटले की डावे-उजवे ताडून पाहावे. 'सुटत नाही' म्हटले की परतीच्या स्प्रिंगा, गंजलेला कॅम, अडकलेला व्हॉल्व्ह तपासावा. चालकाचे नेमके क्रियापद ऐकून घेणे ही तपासणीची पहिली पायरी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

६. लायनर बदलताना

स्प्रिंगचे चेंबर हा या कामातील सर्वांत धोक्याचा भाग होय. आतील दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ती त्यासाठी दिलेल्या बोल्टने आवळून बांधावी आणि चेंबर स्वतः उघडू नये. ट्रक केवळ जॅकवर ठेवून त्याखाली जाऊ नये. लोखंडी घोडी लावावीच.

ड्रम उतरविल्यावर आतील काळी भुकटी हवेच्या झोताने उडविण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती सोडली पाहिजे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरले जात असे. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होऊ शकतो, आणि तो कित्येक वर्षांनी प्रकट होतो. लायनर कशाचे आहे हे नजरेने ओळखता येत नाही. म्हणून भुकटी नेहमी ओली करून पुसावी व फडके बंद पिशवीत टाकावे.

लायनरची जाडी सर्वांत पातळ जागी मोजावी. उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादा प्रमाण मानावी. ती हाती नसेल तर शूच्या मध्यावर सुमारे ६ मिलिमीटर उरल्यावर लायनर बदलणे योग्य. रिव्हेटची डोकी ड्रमला घासू लागेपर्यंत थांबल्यास लायनरबरोबर ड्रमही जातो. हबमधील तेल किंवा ग्रीस शोषलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नये, कारण आत मुरलेले तेल तापल्यावर पृष्ठभागावर येते. अशा वेळी आधी हबचे सील बदलावे. ड्रमवरील आरपार तडे, खोल चरे आणि निळसर डाग पाहावेत. ड्रम लेथवर घासून घेता येतो; परंतु त्यावर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे नाही. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि अधिक फुगतो.

एका चाकाचेच लायनर बदलणे ही काटकसर नव्हे. एकाच आसाची दोन्ही चाके एकत्र आणि एकाच प्रतीच्या लायनरने घ्यावीत. रिव्हेट मध्यापासून कडांकडे ठोकत गेल्यास लायनर शूवर सपाट बसते. कॅमचे बुश, रोलर आणि परतीच्या स्प्रिंगा त्याच वेळी पाहाव्यात. जोडणी झाल्यावर हाताने फिरवावयाचा ॲडजस्टर असेल, तर चाक घट्ट होईपर्यंत आवळून ते मोकळे फिरेल इतका मागे घ्यावा व चाल पुन्हा मोजावी. स्वयंचलित ॲडजस्टर मात्र वारंवार हाताने आवळू नये. त्याने चाल राखली नाही तर दोष अन्यत्र आहे आणि आवळण्याने तो केवळ झाकला जातो. नवे लायनर प्रथम उंच जागीच ड्रमला टेकते. म्हणून आरंभी हलके ब्रेक लावीत ते बसू द्यावे आणि तोपर्यंत भरलेला ट्रक घाटात नेऊ नये.

७. समारोप

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु ती एका दिवसाची परीक्षा आहे आणि लायनर रोज झिजते. हे अंतर चालक, मालक आणि मिस्त्री यांनीच भरून काढावयाचे आहे. खडूची खूण, पट्टी आणि दोन माणसांचा थोडा वेळ एवढेच साहित्य त्यासाठी पुरते. अपघाताची नोंद करणाऱ्यांनीही 'ब्रेक निकामी झाला' येथे न थांबता, ब्रेक लावला होता काय, लागला नाही तो कोणत्या दुव्यापाशी, आणि त्या दुव्याची तपासणी शेवटची केव्हा झाली होती, हे तीन प्रश्न विचारावेत. 'लावणे' आणि 'लागणे' यांतील भेद मराठीने आपल्यापुढे ठेवलेलाच आहे; तो तपासणीच्या नोंदवहीत उतरविणे एवढेच शिल्लक राहते.