जिगचं वजन चुकलं आणि भांडवल तळाला गेलं : माल बनवण्याआधी ग्राहकाचं 'पाणी' ओळखा



आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, सरांना झालंय तरी काय? कालपर्यंत पापड, मसाले, टेलरिंग, क्लाउड किचन चाललं होतं आणि आज एकदम अमेरिकेतली मासेमारी! पण शेवटपर्यंत वाचा. हा लेख माशांचा जितका आहे, तितकाच तुमच्या पहिल्या १ लाख रुपयांचा आहे. आणि यात एक चूक माझीसुद्धा आहे, ती आधीच कबूल करून टाकतो.

आपले एक प्रेक्षक अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलसजवळ राहतात. मूळचे सांगली जिल्ह्यातले, नोकरी आयटीतली, छंद बास मासा धरायचा. दीड वर्षापूर्वी त्यांचा फोन आला. "सर, मी घरच्या गॅरेजमध्ये बास माशाचे जिग ओतून विकायचं म्हणतोय. सुरुवात कशी करू?"

मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. "फार प्रकार करू नका. एक-दोनच वस्तू धरा. एकदम जास्त बनवा, म्हणजे नग स्वस्त पडेल."

त्यांनी ऐकलं. ७०० जिग अर्धा औंसाचे आणि ५०० जिग पाऊण औंसाचे ओतले. एकूण १,२०० नग. एका नगाला साधारण १ डॉलर १० सेंटचा माल लागला, म्हणजे १,३२० डॉलर. साचे, शिसं वितळवायची भट्टी आणि रंग मिळून आणखी ४०० डॉलर. चार महिन्यांत विकले गेले किती? १४०. बाकीचे १,०६० नग खोक्यात!

माल वाईट नव्हता. गळ चांगला होता, रंग सफाईदार होता. चुकलं होतं ते फक्त वजन.

आधी जिग म्हणजे काय, ते समजून घ्या

जिग म्हणजे गळ, आणि त्याच्या डोक्याला ओतलेला शिशाचा गोळा. त्यावर सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांचा घागरा, ज्याला तिथे 'स्कर्ट' म्हणतात. गळाच्या टोकापुढे ताठ केसांचा झुपका असतो, तो गवतात किंवा लाकडात गळ अडकू देत नाही. मागे रबरासारखा मऊ 'ट्रेलर' लावतात. हे सगळं पाण्यात गेलं की तळावर चालणाऱ्या क्रेफिशसारखं दिसतं. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला छोटा शेवंड समजा. बासला तो फार आवडतो.

वजन औंसात मोजतात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. त्यामुळे पाव औंस ७ ग्रॅम, ३/८ औंस साधारण साडेदहा ग्रॅम, अर्धा औंस १४ ग्रॅम आणि पाऊण औंस २१ ग्रॅम. सोनाराचा हल्लीचा १० ग्रॅमचा तोळा डोळ्यांपुढे आणा. बास जिगमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ३/८ औंस वजन म्हणजे जवळपास एक तोळा.

आता तुम्ही विचाराल, तीन-चार ग्रॅमनी असा काय फरक पडतो? सगळा फरक तिथेच पडतो.

वजन कशावर ठरतं? सहा गोष्टी

१. पाण्याची खोली. हा पहिला प्रश्न. साधारण १० फुटांपर्यंत पाव किंवा ३/८ औंस. १० ते २० फुटांत अर्धा औंस. त्याहून खोल गेलात तर पाऊण. खोल पाण्यात हलका जिग टाकला तर तो तळाला पोचेपर्यंत वेळ जातो आणि तळ लागला की नाही तेही हाताला कळत नाही.

२. पडण्याचा वेग. बास बऱ्याच वेळा जिग खाली पडत असतानाच धरतो. पाणी गरम आहे, मासा चपळ आहे, तर वेगाने पडणारा जड जिग त्याला चमकवतो आणि तो विचार न करता तोंड मारतो. पाणी थंड आहे किंवा त्या तळ्यावर रोज शंभर जण गळ टाकतात, तर मासा सावध असतो. तिथे हळू पडणारा हलका जिग लागतो. ट्रेलर मोठा लावला की तोच जिग आणखी हळू पडतो, हेही लक्षात ठेवा.

३. अडथळे. पाण्यात उभी झाडं, बुडालेल्या फांद्या, विरळ गवत असेल तर ३/८ औंस. पाण्यावर गवताचा जाड गालिचाच पसरला असेल, तर तो फोडून खाली जायला १ औंस किंवा त्याहूनही जास्त वजन लागतं. उलट दगडांच्या फटी असतील तर गरजेपेक्षा जड जिग फटीत जाऊन बसतो आणि तुटतो.

४. वारा आणि प्रवाह. वारा सुटला की दोरीला पोट येतं आणि जिगचा अंदाज जातो. मग एक पायरी वर जायचं, पावचा ३/८, ३/८ चा अर्धा. आपल्या कोकणात खाडीवर गरवायला बसणाऱ्याला विचारा. भरतीचा जोर वाढला की तोही शिसं वाढवतोच. भाषा वेगळी, हिशोब तोच.

५. काठी आणि दोरी. जाड दोरी पाण्यात जिगला थोपवते, बारीक दोरी लवकर खाली जाऊ देते. पाव औंस फेकायला हलकी काठी लागते. पाऊण औंस हलक्या काठीवर लावला तर मासा लागल्यावर गळ तोंडात नीट रुतवता येत नाही.

६. धातू. शिसं स्वस्त आणि ओतायला सोपं. टंगस्टन शिशाच्या सुमारे पावणेदोन पट घन आहे, म्हणून तेवढ्याच वजनात डोकं लहान होतं आणि तळाचा दगड-चिखल हाताला स्वच्छ कळतो. पण ते महाग आहे आणि त्याचा वितळणबिंदू ३,४०० अंश सेल्सिअसच्या वर आहे. घरी ओतणं विसरा, तयार डोकी विकतच घ्यावी लागतात.

गोंधळ झाला तर जुन्या गळकऱ्यांचा एक सोपा नियम आहे. ज्या वजनाने तळ हाताला कळतो, त्यातलं सगळ्यात हलकं वजन वापरा.

मग आपल्या मित्राचं चुकलं कुठे?

डॅलसला येण्याआधी ते मिसुरी राज्यात होते. मासे धरायला शिकले टेबल रॉक या जलाशयावर. ओझार्क डोंगरातला हा जलाशय खोल आहे, पाणी नितळ आहे आणि तळ दगडगोट्यांचा. तिथे अर्धा-पाऊण औंसाचा 'फुटबॉल' डोक्याचा जिग चालतो. आडव्या फुटबॉलसारखं त्याचं डोकं दगडांवरून डुलत जातं. यांनी त्यावर भरपूर मासे काढले, त्यामुळे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, जिग म्हणजे फुटबॉल आणि वजन म्हणजे अर्धा औंस.

पण आता गिऱ्हाईक होतं पूर्व टेक्सासचं. तिथला प्रसिद्ध जलाशय लेक फोर्क. १९९२ मध्ये याच पाण्यात १८.१८ पाउंडांचा बास सापडला आणि तो टेक्सासचा विक्रम ठरला. तिथे पाण्यात उभी वाळलेली झाडं आहेत, काठाला गवत आहे. वीकेंडला येणारा बहुतेक गळकरी काठालगत, झाडांच्या बुंध्याशी जिग टाकतो. त्याला हवा असतो निमुळत्या डोक्याचा ३/८ औंसाचा जिग. रुंद फुटबॉल डोकं फांदीत अडकतं. दोन जिग अडकून तुटले की तो गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

म्हणजे काय झालं? मालकाने स्वतःच्या आवडीच्या पाण्यासाठी माल बनवला आणि दुसऱ्याच पाण्यावरच्या गिऱ्हाइकाला विकायला गेला.

आणि माझी चूक? मी नग, किंमत, पॅकिंग सगळं विचारलं. "तुमचा ग्राहक कोणत्या पाण्यात मासे धरतो?" हा एक प्रश्न विचारला नाही. त्यांच्या घरी तेव्हा दुसरं बाळ आलं होतं, आणि ते १,७०० डॉलर बायकोच्या संमतीने बचतीतून काढलेले होते. "सर, पैशापेक्षा तिच्या डोळ्यांत बघायला जड जातं," असं ते मला म्हणाले. ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

आम्ही नंतर काय केलं?

पहिलं, नवीन ओतणं बंद. सलग तीन शनिवार ते बोटी उतरवायच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिले. विकायला नाही, फक्त विचारायला. किती खोलीवर टाकता? झाड की गवत की दगड? शेवटचा जिग कुठे तुटला? चाळीसेक लोकांशी बोलले. बहुतेकांचं उत्तर १० फुटांच्या आतलं होतं.

दुसरं, फक्त १०० नगांची चाचणी खेप काढली :

- ३/८ औंस : ५० नग
- अर्धा औंस : २५ नग
- पाव औंस : १५ नग
- पाऊण औंस : १० नग

रंग दोनच. गढूळ पाण्यासाठी काळा-निळा, स्वच्छ पाण्यासाठी हिरवट-तपकिरी. डोकं निमुळतं. पाच आठवड्यांत ८३ नग गेले, आणि ३/८ औंस सगळ्यात आधी संपला.

तिसरं, जुना माल वितळवायचा मोह टाळला. वितळवून शिसं परत मिळतं, पण गळ आणि मेहनत वाया जाते, आणि खरा खर्च तिथेच असतो. साधा हिशोब करा. १ पाउंड म्हणजे १६ औंस, म्हणजे १ पाउंड शिशात अर्धा औंसाचे ३२ जिग होतात. एका जिगमधलं शिसं काही सेंटचं. मग तो माल पाठवला कुठे? जिथलं पाणी त्याला मानवतं तिथे, मिसुरीतल्या त्याच खोल जलाशयांजवळच्या दोन छोट्या दुकानांत, विकला गेला की पैसे या बोलीवर. आजपर्यंत २६० नग गेलेत. सगळं भांडवल सुटलेलं नाही, पण रस्ता सुटलाय.

तीन खर्च, जे नवखा माणूस धरतच नाही

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी हे नीट वाचा.

कर : तिथे मासेमारीच्या साहित्यावर निर्मात्याला विक्री किमतीच्या १० टक्के केंद्रीय अबकारी कर भरावा लागतो. दर तिमाहीला फॉर्म ७२० भरतात. गॅरेजमध्ये ओतणारा माणूससुद्धा निर्माताच! तो पैसा राज्यांकडे मासे आणि जलाशय जपायला जातो, १९५० च्या कायद्यापासून ही पद्धत आहे. ४ डॉलर किंमत ठरवताना आपल्या मित्राने हा कर धरलाच नव्हता. सुरुवातीलाच अकाउंटंटला भेटा.

कायदा : न्यू हॅम्पशायरमध्ये १ औंस किंवा त्याहून कमी वजनाचे शिशाचे जिग विकायला बंदी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १ औंसापेक्षा हलके शिशाचे जिग आतल्या गोड्या पाण्यात वापरता येत नाहीत. कारण, लून नावाचा पाणपक्षी ते गिळतो आणि विषबाधेने मरतो. ऑनलाइन ऑर्डर आली म्हणून खूश होऊन पार्सल बांधू नका, आधी पत्ता कोणत्या राज्यातला आहे ते बघा.

जीव : शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तर क्षणात वाफ होते आणि तप्त शिसं अंगावर उडतं. धूर आणि धूळ लहान मुलांना घातक. स्वयंपाकघरात हे काम कधीच नाही. मोकळी हवा, हातमोजे, चष्मा, मास्क आणि काम झालं की कपडे वेगळे धुवायचे.

छोट्या जागेतून मोठं झालेलं उदाहरण

मिसुरीतल्याच स्प्रिंगफील्डमध्ये १९७२ साली जॉनी मॉरिस या तरुणाने वडिलांच्या दारूच्या दुकानात ८ चौरस फूट जागेवर मासेमारीचं सामान मांडलं. तो स्वतः बासच्या स्पर्धांत उतरायचा, आणि स्पर्धक वापरतात तो माल गावात मिळत नाही हे त्याला दिसत होतं. १९७४ मध्ये त्याने पहिला कॅटलॉग काढला. तेच आजचं बास प्रो शॉप्स. २०१७ मध्ये त्यांनी कॅबेलाज ही मोठी कंपनीही विकत घेतली. जागा ८ फूट होती, पण गिऱ्हाइकाला काय हवंय हे त्या ८ फुटांत पक्कं माहीत होतं.

आता तुमचा गृहपाठ

तुम्ही जिग विकणार नाही, माहीत आहे. तुम्ही लोणचं विकाल, ब्लाउज शिवाल, शेवया कराल. पण प्रत्येक धंद्यात एक 'वजन' असतं. लोणच्यात ती बरणी आहे, पाव किलो की एक किलो? भाड्याच्या खोलीत राहणारा बॅचलर एक किलोची बरणी घेत नाही, आणि आठ माणसांचं घर पाव किलोवर भागत नाही.

वही काढा आणि आज रात्री लिहा :

१. माझा ग्राहक माझी वस्तू कुठे, कधी आणि कशी वापरतो?
२. मी जो साईज बनवतोय तो माझ्या आवडीचा आहे की त्याच्या गरजेचा?
३. पहिल्या १०० नगांत मी कोणते चार साईज ठेवीन आणि किती-किती?
४. उरलेला माल कोणत्या दुसऱ्या 'पाण्यात' चालेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरी बसून लिहू नका. धक्क्यावर जा. तुमचा धक्का म्हणजे बाजार, सोसायटीचं गेट, शाळेबाहेरची रांग. दहा जणांशी बोला, मग लिहा.

आणि हो, यापुढे मला कुणी विचारलं "सर, किती बनवू?", तर मी आधी विचारणार, "पाणी किती खोल आहे?"

भेटूया पुढच्या भागात. धंदा करा, पण तळ हाताला लागू द्या!