नायलॉन

ज्यांच्या रेणुशृंखलेत अमाइड गट ठराविक अंतराने पुनःपुन्हा येतो, अशा संश्लिष्ट बहुवारिकांना (अनेक लहान रेणू जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या संयुगांना) नायलॉन ही सर्वसाधारण संज्ञा लावतात. रेशीम व लोकर यांच्या प्रथिनांतही असेच बंध असतात. मात्र नायलॉनाची शृंखला त्यांहून पुष्कळच साधी असते.

इतिहास : अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीत वॉलेस ह्यूम कॅरदर्स (१८९६–१९३७) यांच्या मार्गदर्शनाखाली २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन ६६ प्रथम तयार झाले. १९३८ मध्ये त्याचे दात घासण्याचे ब्रश व १९४० मध्ये स्त्रियांचे पायमोजे बाजारात आले. जर्मनीत पाउल श्लाक यांनी १९३८ मध्ये नायलॉन ६ बनविले. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्र्यांसाठी रेशमाऐवजी नायलॉन वापरले गेले. महाराष्ट्रात मुंबईतील गोरेगाव येथे निर्लॉन या कारखान्यात नायलॉन सूत काढले जात असे. पुण्याजवळील भोसरी येथे सेंच्युरी एन्का ही कंपनी (स्थापना १९६५) नायलॉन सूत तयार करते.

निर्मिती : ॲडिपिक अम्ल व हेक्झामिथिलीन डायअमाइन यांच्या संघननाने पाणी बाहेर पडून नायलॉन ६६ बनते. दोन्ही घटकांत प्रत्येकी सहा कार्बन अणू असल्याने हे नाव पडले. नायलॉन ६ हे कॅप्रोलॅक्टम या एकाच संयुगापासून मिळते. नायलॉन ११ चा कच्चा माल एरंडेलापासून मिळतो. वितळलेले बहुवारिक बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबाने बाहेर काढतात, हवेने थंड करतात व मिळालेला तंतू मूळ लांबीच्या सु. चार ते पाच पट ताणतात. ताणल्याने शृंखला तंतूच्या अक्षाला समांतर होतात, शेजारच्या शृंखलांतील अमाइड गट हायड्रोजन बंधांनी जखडले जातात आणि तंतूला बळकटी येते.

गुणधर्म : नायलॉन ६६ चा वितळबिंदू सु. २६०° से. व नायलॉन ६ चा सु. २२०° से. असतो, दोहोंची घनता सु. १.१४ आहे. ताणबल, स्थितिस्थापकता व घर्षणाने होणाऱ्या झिजेला रोध हे नायलॉनाचे प्रमुख गुण होत. प्रमाणित हवेत कापूस सु. ८ टक्के, तर नायलॉन सु. ४ टक्केच ओलावा धरते. म्हणून नायलॉनाचे कापड लवकर वाळते. परंतु ते घाम टिपत नाही आणि कोरड्या हवेत त्यावर स्थिर विद्युत् साचते. खानदेशासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात सुती कापड अधिक सुखावह वाटते, ते यामुळेच. प्रखर अम्लांनी व दीर्घकाळच्या सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी नायलॉन कमकुवत होते.

उपयोग : कापड, टायरांतील दोर, मासेमारीची जाळी, दोरखंड, गालिचे आणि शस्त्रक्रियेतील टाक्यांचे धागे यांसाठी नायलॉन वापरतात. वंगणाशिवायही चालू शकणारी दंतचक्रे व धारवे त्यापासून बनवितात.

नायलॉन मांजा : याच गुणांतून एक गंभीर धोकाही उद्भवला आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास पतंगांसाठी वापरला जाणारा सुती मांजा थोडासा ताणला जाऊन तुटतो. नायलॉनाचा एकपदरी धागा मात्र पुष्कळ ताणला जाऊनही तुटत नाही; तो आवळत जातो आणि काचेच्या वा धातूच्या भुकटीचा लेप असल्यास करवतीसारखा कापतो. दुचाकीस्वारांच्या गळ्याला त्याने प्राणघातक जखमा झाल्या आहेत, तर झाडांत व तारांत अडकलेल्या तुकड्यांत पक्षी गुरफटून मरतात. कापसाचा सेल्युलोज सूक्ष्मजंतू कुजवितात. नायलॉनाच्या घट्ट रचलेल्या शृंखलांचे विघटन त्यांना सहजी करता येत नाही, त्यामुळे संक्रांत सरली तरी धोका उरतो. या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात इतर संश्लिष्ट बहुवारिकांचे धागेही असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन व इतर संश्लिष्ट मांजावर देशभर बंदी घातली. तथापि तिच्यानंतरही अशा मांजाची चोरटी विक्री व अपघात घडत आले आहेत.

पुनर्वापर : टाकाऊ नायलॉन ६ चे रासायनिक विघटन करून कॅप्रोलॅक्टम परत मिळविता येते व त्यापासून पुन्हा नवे सूत काढता येते. जुनी जाळी व गालिचे यांचा असा उपयोग केला जातो. परंतु त्यासाठी माल एके ठिकाणी गोळा व्हावा लागतो. झाडाझुडपांत विखुरलेल्या मांजाच्या बाबतीत हे शक्य होत नाही. त्यामुळे तेथे वापर टाळणे हाच परिणामकारक उपाय ठरतो.