निरोगी आतड्याची ओळख नावांवरून नव्हे, कामावरून

मानवी शरीरात जितक्या पेशी असतात, जवळपास तितकेच जीवाणूही वास करतात. इस्रायल व कॅनडातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या गणितानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जीवाणू असतात. त्यांतील बहुतांश जीवाणूंचा मुक्काम मोठ्या आतड्यात असतो. मग निरोगी माणसाच्या आतड्यात नेमके कोणते जीवाणू असावेत, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

प्रारंभी संशोधकांना सर्व निरोगी माणसांत समान असणाऱ्या जीवाणूंची यादी हाती लागेल, अशी अपेक्षा होती. मात्र, अमेरिकेत जुळी भावंडे व त्यांच्या माता अशा १५४ जणांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मुबलक प्रमाणात असलेला एकही जीवाणू सर्वांमध्ये आढळला नाही. समान होती ती जीवाणूंची जनुके, म्हणजेच त्यांची कामे. 'ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट'अंतर्गत २४२ निरोगी अमेरिकी प्रौढांच्या २०१२ मधील अहवालातूनही हेच चित्र पुढे आले. गावोगावचे कारागीर वेगळे असले, तरी सुतारकाम, लोहारकाम सगळीकडे चालावेच लागते, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

तंतूंपासून पोषण

या कामांपैकी एक महत्त्वाचे काम म्हणजे माणसाला न पचणाऱ्या तंतुमय पदार्थांचे विघटन. त्यातून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातील पेशींना त्यापासून ऊर्जा मिळते आणि दाह आटोक्यात राहण्यास मदत होते. फिकॅलिबॅक्टेरियम प्राउसनिट्झी हा ब्युटिरेट निर्माण करणारा जीवाणू अनेक देशांतील निरोगी लोकांत आढळतो. क्रोन्स या आतड्याच्या विकाराच्या रुग्णांत त्याचे प्रमाण घटलेले असते, याकडे फ्रान्समधील संशोधकांनी २००८ मध्ये लक्ष वेधले होते.

मापदंड कोणाचा?

आहार बदलला की जीवाणूही बदलतात. आफ्रिकेतील बुर्किना फासोमधील ज्वारी, बाजरी व चवळीवर वाढणाऱ्या ग्रामीण मुलांची तुलना इटलीतील फ्लॉरेन्सच्या मुलांशी करण्यात आली. २०१० मधील या अभ्यासात आफ्रिकी मुलांत प्रिव्होटेला जीवाणूंचे प्राबल्य दिसले. टांझानियातील हाडझा या शिकारी जमातीच्या प्रौढांत तर बिफिडोबॅक्टेरियम आढळलेच नाहीत, असे २०१४ मध्ये निदर्शनास आले. प्रोबायोटिक उत्पादनांत हमखास असणाऱ्या या जीवाणूंवाचून हाडझा लोकांचे काही अडलेले नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांना २०१६ मध्ये निरोगी भारतीयांतही प्रिव्होटेला व मेगास्फेरा यांचे आधिक्य आढळले. भोपाळ व केरळमधील ११० निरोगी व्यक्तींच्या २०१९ मधील अभ्यासात तर एकाच देशातील दोन भागांतही फरक दिसला. भोपाळच्या शाकाहारप्रधान गटात प्रिव्होटेला अधिक होते, तर केरळच्या मिश्राहारी गटात अन्य जीवाणू. त्यामुळे केवळ पाश्चात्त्य लोकसंख्येवर बेतलेल्या मापदंडाने आतड्याची चाचणी केल्यास निरोगी भारतीयाचा अहवालही 'असंतुलित' ठरू शकतो.

याचा अर्थ कोणताही बदल निर्धोक, असा नव्हे. आग्नेय आशियातून अमेरिकेत स्थायिक झालेल्या ह्मोंग व कारेन समाजांतील जीवाणूंचे वैविध्य स्थलांतरानंतर घटल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. तंतू पचविणारे काही जीवाणूही त्यांनी गमावले होते. हे वैविध्य घटणे आजाराचे कारण की परिणाम, याचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही.

तूर्त इतके मात्र निश्चित, की या जीवाणूंना काम मिळते ते तंतुमय अन्नातून. भाकरी, उसळ, डाळी आणि पालेभाज्या ताटातून हद्दपार झाल्या, तर बाटलीतील जीवाणू त्यांची जागा भरून काढू शकणार नाहीत.