मेपलच्या लाकडाचा हिशेब

अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शुगरहाउसांच्या छपरांतून वाफेचे लोट निघत असतात. शुगर मेपलच्या खोडातून गोळा केलेला रस आटवून इथे सिरप तयार होते आणि अनेक ठिकाणी हे काम एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. आपल्या गुऱ्हाळाशी त्याचे नाते सहज जुळते. तशीच पेटती चूल, तसाच फेस आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे ओळखणारी तशीच मुरलेली नजर. पण उसाच्या रसात १६ ते २० टक्के साखर असते, मेपलच्या रसात जेमतेम २. सिरपमध्ये ती ६६ टक्क्यांच्या वर न्यावी लागते. तिथल्या उत्पादकांचा जुना आडाखा असा, की ८६ या आकड्याला रसातल्या साखरेच्या टक्केवारीने भागावे. म्हणजे २ टक्के साखर असेल तर ४३ लिटर रसाचे १ लिटर सिरप. मधले ४२ लिटर पाणी वाफ करून घालवायला सुमारे ११ कोटी ज्यूल ऊर्जा लागते. सात किलो वाळक्या लाकडातली सगळी उष्णता कामी आली तरच ती भागेल, आणि चुलीतली बरीच उष्णता तर धुराड्यातून निघून जाते. त्यामुळे शुगरहाउसचा विषय निघाला की बोलणे आचेभोवतीच फिरते. माझ्या मते मात्र या धंद्याचे आयुष्य चुलीतल्या लाकडावर ठरत नाही. ते ठरते उभ्या झाडात दरवर्षी तयार होणाऱ्या नव्या लाकडावर.

हे समजायला रस वाहतो कसा ते पाहावे लागते. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर चार-पाच अंश, असा चढउतार झाला तरच मेपल रस देतो. बहुतेक रुंदपर्णी झाडांच्या लाकडातल्या तंतुपेशी पाण्याने भरलेल्या असतात. मेपलच्या तंतुपेशींत हवा असते आणि रस शेजारच्या वाहिन्यांत. रात्री गारठ्याने ही हवा आकसते, पेशींत बर्फ साचत जातो, त्या ओढीने मुळांकडून पाणी वर चढते आणि उरलेली हवा बर्फाआड दाबून कोंडली जाते. दिवसा बर्फ वितळला की हवा फुगते आणि पाणी वाहिन्यांत लोटते. मिलबर्न आणि ओमॅली यांनी १९८४ मध्ये हे स्पष्टीकरण मांडले. रसातल्या साखरेमुळे होणारे परासरण हा दाब टिकवायला कसे मदत करते, हे पुढे मेल्विन टायरी यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. इथे मुद्दा असा, की हे सारे घडते ते जिवंत, निरोगी बाह्य लाकडात. तेवढा थर शाबूत असेल तरच रस मिळतो.

आणि नेमक्या त्याच थरात दरवर्षी भोक पाडावे लागते. आजकाल ते ८ मिलिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटिमीटर खोल असते. माणसाची जखम भरून येते तशी झाडाची येत नाही. झाड जखमी भागाला आतून भिंत घालते आणि तो कायमचा सोडून देते. भोकाच्या वर आणि खाली, भोकाच्या कितीतरी पट लांबीचा काळपट पट्टा तयार होतो आणि त्यातून पुन्हा कधीच रस वाहत नाही. पुढच्या वर्षीचे भोक त्या पट्ट्यात पडले तर ते वाया गेले. झाड दरवर्षी बाहेरून नवे लाकूड चढवते आणि जुने पट्टे आत गाडत जाते. हे गाडणे जखमांच्या वेगाने झाले, तर शंभर वर्षेही रस काढता येतो. झाडाची वाढ मागे पडली, तर खोडात चांगली जागाच उरत नाही. व्हर्माँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रातील ॲबी व्हॅन डेन बर्ग आणि टिमथी पर्किन्स यांनी याच गणिताचे प्रारूप तयार केले आहे. कोणत्या जाडीच्या आणि किती वेगाने वाढणाऱ्या झाडाला किती भोके परवडतात, हे त्यावरून काढता येते.

यावर पहिला आक्षेप यंत्रांचा. आता बादल्या गेल्या, झाडाझाडांतून प्लास्टिकच्या नळ्या धावतात आणि पंप निर्वात करून रस ओढतो. बादलीच्या दुपटीइतका रसही मिळतो. यात झाड पिळले जात नाही का? प्रॉक्टर केंद्रातल्या प्रयोगांत निर्वाताची पातळी वाढवल्याने तो काळपट पट्टा मोठा झाल्याचे दिसले नाही. पण रसाबरोबर साखरही जास्त जाते आणि हीच साखर झाडाला नवे लाकूड घडवायला लागते. म्हणून पंप लावणाऱ्याने जोमाने वाढणारी झाडेच निवडली पाहिजेत. आक्षेप इतकाच खरा आहे. उलट, रसातले बरेच पाणी उकळण्याआधीच वेगळे काढणाऱ्या व्यस्त परासरणाच्या यंत्राने चव बिघडते, हा राग मला अनाठायी वाटतो. ते रस ८ टक्क्यांपर्यंत घट्ट करून देते, म्हणजे चुलीवर ४३ ऐवजी ११ लिटरांहूनही कमी रस चढतो आणि तीन-चतुर्थांश सरपण वाचते. चव आणि रंग मुख्यतः काहिलीतल्या उकळण्यातून येतात, आणि ते उकळणे यातही होतेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. थंडीच बिघडली, तर लाकडाच्या हिशेबाला काय अर्थ? २०१२ च्या मार्चमध्ये व्हर्माँटमध्ये उन्हाळ्यासारखी ऊब आली, कळ्या अकाली फुगल्या, रसाला नको तो वास आला आणि राज्याचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने घटले. तेव्हा कोणताही पंप कामी आला नाही. तरीही हा आक्षेप हिशेब निकाली काढत नाही, तो आणखी कडक करतो. न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रुकच्या जंगलात संशोधकांनी हिवाळ्याच्या सुरुवातीला जमिनीवरचा बर्फ मुद्दाम काढून टाकला. पांघरूण गेल्यामुळे माती गोठली, मुळांना इजा झाली आणि शुगर मेपलची वाढ सुमारे ४० टक्क्यांनी घटली. बर्फाचा थर विरळ होत चालला असताना गेल्या पिढीइतकीच भोके पाडणारे कुटुंब पुढच्या पिढीच्या वाट्याचे लाकूड आजच खर्चून टाकते. अशा वर्षांत काही झाडांना विश्रांती द्यावी, बारीक झाडांना हात लावू नये आणि आसपासची गर्दी विरळ करून मोठ्या झाडांना ऊन मिळवून द्यावे, हेच शहाणपणाचे. आज रुजलेले मेपलचे रोप पहिले भोक सोसण्याइतके जाड, म्हणजे २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाचे व्हायला साधारण चाळीस वर्षे लागतात.