पाण्याची चढउतार आणि पाणथळीतील जीवसृष्टी

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुका हा दुष्काळी म्हणून परिचित आहे. तरीही येरळा नदीच्या खोऱ्यातील मायणी, येरळवाडी आणि सूर्याचीवाडी येथील जलाशयांवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. हीच येरळा पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे कृष्णेला मिळते. या एका नदीच्या वाटेने गेल्यास पाण्याच्या पातळीवर किती जीव अवलंबून आहेत, हे आपल्या ध्यानी येते.

पाणथळ म्हणजे केवळ पाण्याचा साठा नव्हे. पावसाळ्यात पाणी चढते आणि पुढे ते हळूहळू ओसरते. ओसरताना काठचा चिखल उघडा पडतो. त्यातील अळ्या, कीटक व गोगलगायी यांवर चिखलपक्षी जगतात. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चोच उलटी बुडवून सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला उथळ पाणीच हवे. पट्टकादंब हंस ओलसर काठावरील कोवळे गवत चरतात. म्हणून तलाव कोरडा पडला तर मासे मरतात आणि पक्षी उपाशी राहतात. पण तो सदैव काठोकाठ भरलेला राहिला, तरी या पक्ष्यांना पाय टेकण्यास जागा उरत नाही.

मायणीचा तलाव गाळाने उथळ होत गेला व दुष्काळात आटला, तेव्हा रोहित पक्ष्यांनी येरळवाडी व सूर्याचीवाडीचा आश्रय घेतला. २०२१ साली शासनाने मायणी परिसरातील जलाशयांना पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी आता दुष्काळी भागात येत आहे. तहानलेल्या शेतकऱ्याला लाभलेल्या या पाण्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र ऐन हिवाळ्यात जलाशय एकाएकी भरला, तर चिखलाचा काठ बुडतो, हेही लक्षात ठेवावे लागेल.

कृष्णाकाठी प्रश्न वेगळा आहे. नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्यात नदीतील वाळूवर अंडी घालतो. मगरीची मादीही त्याच दिवसांत काठच्या मातीत अंडी पुरते. अशा वेळी पाणी अचानक वाढले, तर ती सारी वाहून जातात किंवा कुजतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली; तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा महापुरात मगरी काठ सोडून शेतात व वस्तीजवळ येतात आणि माणूस व प्राणी दोघेही भयग्रस्त होतात.

पाणी माणसाचे की पक्ष्यांचे, असा हा वाद नाही. पाणी टप्प्याटप्प्याने सोडणे, उन्हाळ्यात तलावात थोडा साठा राखणे, काठाची पट्टी न नांगरणे आणि गाळ काढताना उथळ भाग जपणे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पाणथळींची शेतजमीन केल्याने होणाऱ्या जीवहानीची दखल घेतली आहे. पवित्र शास्त्रात जलचर व पक्षी एकाच दिवशी, मानवाच्या आधी निर्माण झाले. ज्या पाण्याचे दरवाजे आज आपल्या हाती आहेत, त्या पाण्यावर त्यांचाही वाटा आहे. तो राखण्याची सुबुद्धी परमेश्वर आपणा सर्वांस देवो.